कानामात्राबाईंनी पकडलेली पेशी

छापखान्यात सगळे त्यांना कानामात्राबाई म्हणत. सव्वीस वर्षं त्यांनी प्रुफं तपासली. पाठ्यपुस्तकं, वेळापत्रकं, औषधाच्या खोक्यातल्या घडीच्या कागदावरचा मुंगीएवढा मजकूर, हाती येईल ते. ऱ्हस्व वेलांटी चुकून दीर्घ पडली की बाईंच्या डोळ्यांत ती कुसळासारखी सलायची. मग छापखाना बंद पडला आणि बाई घरात बसून साबणाच्या वेष्टनावरच्या चुका काढू लागल्या. नवरा मेटाकुटीला आला.

नवरा त्याच छापखान्यात यंत्रं सांभाळायचा. आता तो एका प्रयोगशाळेत माशांच्या टाक्यांचे पंप बघत होता. एकदा पंप खोलून बसलेला असताना त्याने तिथल्या मोठ्या मॅडमना वैतागून बोलताना ऐकलं. संगणक पेशी मोजतो, पण दोन पेशी एकमेकींना चिकटल्या की त्याचं गणित चुकतं. न कंटाळता तासन्‌तास पडद्याकडे बघणारं माणूस हवंय.

"मॅडम," नवरा टाकीमागूनच बोलला, "तसलं एक माणूस माझ्या घरी आहे. घेऊन जा, उपकार होतील."

अशा रीतीने बाई वयाच्या बावन्नाव्या वर्षी पेशी मोजायला बसल्या.

पहिल्या दिवशी मॅडमनी त्यांना काचेच्या बशीत एक मासा दाखवला. जन्मून चार दिवस झालेला, तांदळाच्या दाण्याहूनही लहान आणि इतका पारदर्शक, की आतलं हृदय उडताना दिसावं. त्याच्या अंगात रोगाची बुरशी टोचलेली होती. तिचे गोल कण लाल चमकत होते. ते खाऊन टाकणाऱ्या पांढऱ्या पेशी पडद्यावर हिरव्या दिसत होत्या. सूक्ष्मदर्शक दर दोन मिनिटांनी चित्र घ्यायचा आणि सगळी चित्रं जोडून त्यांची फिल्म व्हायची.

"कुठल्या पेशीने किती कण गिळले, तेवढं लिहायचं," मॅडम म्हणाल्या.

फिल्म सुरू झाली. एक हिरवी पेशी पसरट पडून होती. शेजारी लाल कण आला आणि तिच्या अंगातून बोटासारखं काहीतरी पुढे सरकलं, चाचपून मागे गेलं, पुन्हा आलं. मग अख्खी पेशीच त्या बाजूला वाहत गेली आणि तिने कणाला चहूबाजूंनी वेढलं. दुसऱ्या क्षणी कण तिच्या पोटात!

"अगं बाई! गिळला की!" बाई खुर्चीतून उठल्याच. शेजारच्या टेबलावरच्या संशोधकाच्या हातातला कप हिंदकळला.

"तेच तर तिचं काम, बाई," तो हसत म्हणाला.

"तिला डोळे नाहीत, कान नाहीत. कळलं कसं हो तिला?"

त्याने समजावलं. कणाच्या पृष्ठभागावर काही खुणा असतात, पेशी त्यांना चिकटली की तिला त्या ओळखू येतात. शिवाय जखमेच्या जागेहून रसायनं पसरतात, त्यांच्या रोखाने पेशी सरकते. बाईंना तेवढ्यावर समाधान नव्हतं. संध्याकाळी घरी जाताना त्यांनी नवऱ्याला फाटकापासून दारापर्यंत ती पेशी कशी चालली ते हातवारे करून दाखवलं. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती.

दोन महिने झाले. बाईंच्या वह्या भरल्या. आणि एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी, त्या अडखळल्या. एका पेशीच्या पोटात त्यांनी तीन कण लिहिले होते. आता दोनच होते.

"पचला असेल एक," संशोधक म्हणाला.

"पचतो तेव्हा आधी फिका पडत जातो. हा तर टवटवीत होता."

"मग मोजताना चुकलं असेल."

बस्स. हे वाक्य बाईंना म्हणायचं नसतं. त्यांनी डबा बाजूला सारला, फिल्म मागे नेली आणि एकेक चित्र पुढे सरकवू लागल्या. तीन कण. तीन. पुढच्या चित्रात पेशीच्या कडेला एक फुगवटा. त्याच्या पुढच्यात कण बाहेर! अख्खा, लालबुंद. आणि पेशी? ना फुटली, ना मेली. कण टाकून ती आपली आरामात पुढे निघाली होती.

"मॅडम!" बाईंची हाक टाक्यांच्या खोलीपर्यंत गेली. नवरा हातातला पाना घेऊनच धावत आला, त्याला वाटलं बाईंना शॉक बसला.

मॅडमनी ते चित्र पाच वेळा पाहिलं. "कण पेशीच्या आत नसेल, नुसता वर बसला असेल तर?" त्या सावधपणे म्हणाल्या. मग वरच्या-खालच्या थरांची चित्रं काढली. कण आतच होता, चारही बाजूंनी हिरवा. मॅडमनी खुर्ची ओढली. "हे बशीत वाढवलेल्या पेशींमध्ये लोकांनी पाहिलंय. जिवंत प्राण्यातही एक-दोघांनी. पण आपल्याकडे अजून कुणाला दिसलं नव्हतं. जुन्या फिल्म काढा सगळ्या!"

पुढचे तीन आठवडे बाईंचे पाय जमिनीवर नव्हते. चाळीस फिल्म त्यांनी पुन्हा पाहिल्या आणि अकरा ठिकाणी तोच प्रकार पकडला. त्यातल्या चार फिल्म संशोधकाने स्वतः आधी पाहिलेल्या होत्या. तो कान पकडत म्हणाला, "बाई, तुमचं मोजणं चुकलं असं पुन्हा म्हणणार नाही."

"म्हणा की. त्यामुळेच तर सापडलं."

शोधनिबंधात मॅडमनी बाईंचं नाव घातलं. त्या दिवशी नवऱ्याने पंपवाल्यांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना ओढून पडद्यापुढे उभं केलं. "हा बघा, हा फुगवटा! आता बघा, आता!" जणू फिल्म त्यानेच काढली होती.

बाई मात्र गर्दीतून वाट काढत मॅडमपाशी पोचल्या. "बाहेर पडलेला कण जिवंत असतो ना? मग यात फायदा कोणाचा? माशाचा की बुरशीचा?"

"अजून माहीत नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग बाहेर पडलेल्या कणांच्या मागे जाऊ या. प्रत्येकाच्या. कुठे जातात ते बघू!" बाईंनी नवी वही उघडलीही होती, आणि पडद्यापुढची गर्दी हाताने दूर सारत त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, सरका. मला दिसत नाहीये."