मामांची डबल बेल

या पृथ्वीतलावर जे काही पुढे सरकतं ते आपण बेल दिल्यामुळेच सरकतं, अशी माझ्या बायकोच्या मामांची पक्की समजूत आहे. मामा नांदेड-लातूर मार्गावर सरकारी लाल गाडीचे कंडक्टर होते. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, पण ते त्या गाडीतून अजून उतरलेले नाहीत. आमच्याकडे आले तरी सोफ्यावर बसत नाहीत. भिंतीला पाठ लावून, पाय फाकवून उभे राहतात, जणू आमचा दिवाणखाना आता लोहा गावाच्या वळणावर कलणार आहे. एका लग्नात तर "फुडं सरका, मधी लई जागा हाय" असं ओरडत त्यांनी खुद्द वधूपित्याला आचाऱ्याच्या चुलीपर्यंत सरकवलं होतं. खिशात तिकिटं टोचायचा जुना लोखंडी पंच असतो. तिकिटाची मशिनं आली तेव्हा डेपोतले पंच मोडीत निघाले, मामांनी आपला हट्टानं मागून घेतला. गाडीच्या दांडीवर पंचाचा एक टोला पडला की थांबायचं, दोन पडले की निघायचं. घरातही तोच कायदा. मामी भाकरी वाढत असताना ताटाच्या कडेला एक टोला पडला की हात आवरायचा. "आणि दोन पडले तर?" मी एकदा विचारलं. मामी म्हणाल्या, "दोन पडले तर मी माहेराला निघते, मंग बसा म्हनावं वाजवीत."

अशा माणसाच्या तावडीत एखादं केंद्र सापडलं तर काय होईल? तेच झालं. एका सेवाभावी संस्थेनं आणि जिल्हा प्रशासनानं मिळून निवृत्त सरकारी नोकरांसाठी आधार केंद्र काढलं. सरकारनं बंद पडलेला दवाखाना दिला आणि म्हाताऱ्यांना आणायला एक व्हॅन. संस्थेनं डिझेल आणि व्यायाम करून घेणारी डॉक्टरीणबाई दिली. मामांना कोणीही बोलावलं नव्हतं. पहिल्याच सकाळी ते व्हॅनच्या दारात उभे! प्रशासनाचे साहेब संस्थेची वाट बघत बसले की मामा संस्थेला हाकायचे, संस्था साहेबांची वाट बघत बसली की साहेबांना. "गाडी सरकारची, डिझेल संस्थेचं," ते मला म्हणाले, "मंग बेल कोनाची? बेल आपली, जावई."

पण एक माणूस बेल ऐकेना. तो म्हणजे उस्ताद, मामांच्याच गाडीचे जन्माचे ड्रायव्हर. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांच्या उजव्या पायातलं बळ गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, आत्ता व्यायाम सुरू केला तर चालतील, हे दिवस गेले तर खाट सुटायची नाही. उस्ताद मात्र भिंतीकडे तोंड करून पडलेले. "जन्मभर लोकाला पोचिवलं, आता चौघं मला उचलून नेतेत का? खैरात नको मला."

इथे मामांनी मोठाच घोटाळा केला. उस्तादांना मान द्यावा म्हणून साहेब, संस्थेचे अध्यक्ष, फोटोग्राफर, शाल आणि नारळ असा सगळा ताफा त्यांनी उस्तादांच्या खाटेपाशी नेऊन उभा केला. शाल धरायला मी होतोच. उस्तादांनी एकदाच मान वळवली. "नारळ आनला, शाल आनली. हार इसरला का? फोटो काढल्यावर त्याला घालायला?" ताफा नारळासकट परतला.

दुसरा कोणी असता तर तिथंच थांबला असता. मामा दुसऱ्या सकाळी पुन्हा निघाले. "न्हाई कसा म्हनतो? चढावर गाडी मागं घसरू देनारा मानूस न्हाई तो." या वेळी शाल नाही, साहेब नाहीत. फक्त डॉक्टरीणबाई, एक वॉकर, आणि बघ्या म्हणून मी. मामा उस्तादांशी चकार शब्द बोलले नाहीत. गाडीत उभे राहायचे तसे त्यांच्या पाठीमागे, चौकटीला टेकून उभे राहिले आणि पंचानं दोन टोले दिले.

काही झालं नाही. मामांनी पुन्हा दोन टोले दिले.

भिंतीकडे बघतच उस्ताद म्हणाले, "प्यासिंजर चढले का समदे?"

"कवाच चढले."

"टपावरचं सामान?"

"बांधलं. तुमच्यापायी गाडी लेट होऊन राहिली, उस्ताद."

"माझी गाडी? लेट?" उस्ताद भडकले. चादरीखाली त्यांचा उजवा पाय किंचित पुढे सरकला, अॅक्सिलरेटर चाचपावा तसा. डॉक्टरीणबाईंनी आधार देऊन बसवलं, वॉकर पुढे ठेवला. खाटेपासून दारापर्यंत ते पाऊल पाऊल आले. दारात धाप लागली, चेहरा ओशाळा झाला. तेवढ्यात मामांनी एक टोला दिला. उस्ताद थांबले आणि एकदम निवांत झाले, कारण थांबा आता कंडक्टरनं घेतला होता. मग दोन टोले. गल्लीच्या तोंडाशी व्हॅन उभी होती, तिथपर्यंत त्यांना कोणी उचललं नाही.

आता उस्ताद काठी टेकत रोज स्वतः केंद्रावर येतात. गुडघे मामांचे गेलेत. मामी सांगतात, जिन्यात मध्येच बसून राहतात आणि पंच हातात असून टोलाही देत नाहीत. परवा मी तिथून जात होतो, तर उस्ताद केंद्राच्या फाटकाबाहेर भर उन्हात उभे.

"आत सावलीत बसा की उस्ताद," मी म्हणालो.

रस्त्याच्या पार टोकाला मामा दिसत होते. विजेच्या एकेका खांबाला हात लावत, थांबत, पुन्हा निघत येत होते. उस्तादांनी त्यांच्यावरची नजर काढली नाही.

"कंडक्टर खाली राह्यल्यावर गाडी कशी हलवायची, साहेब?"