बांधीतला वर्ग

“गेडाम मॅडमचा बांधीतला वर्ग आता बंदच समजा, भाऊ. कोन जाते मरायले चिखलात?”

स्टाफरूमच्या दाराशी मी छत्री मिटत होते. आत आमच्या कॉलेजच्या ऑफिसातले बाबू शिपायाशी बोलत होते. ‘मरायले’ हा शब्द त्यांनी सहज वापरला होता. तो तोंडातून गेल्यावर तेही गप्प झाले. मी आत गेले नाही. व्हरांड्याच्या टोकाला जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मॅडम चंद्रपूरच्या दवाखान्यात आहेत एवढंच मला ठाऊक होतं. त्या गेल्या हे मला असं, दुसऱ्याला सांगितलेल्या वाक्यातून कळलं…

सुमन गेडाम मॅडम आमच्याकडे इतिहास शिकवायच्या. मूल या गावाच्या पुढे बस बदलून गेलं की आमचं कॉलेज लागतं. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातशेतं, मध्ये एक तलाव, पलीकडे जंगल. जुलैत रोवणी सुरू झाली की वर्ग ओस पडतात. मुली आईबरोबर दुसऱ्यांच्या बांधीत परे, म्हणजे धानाची रोपं, लावायला जातात आणि पुढे महिनाभर फिरकत नाहीत. काही जणी नंतरही येत नाहीत. मागे पडलो, आता काय जायचं, म्हणून घरीच राहतात. मॅडमनी यावर एक साधा उपाय काढला होता. दुपारी बाया शिदोरी खायला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, चढतात, तेवढ्या वेळात त्या आपल्या पांढऱ्या छत्रीसह तिथेच जाऊन शिकवायच्या. झाडाखाली, हात न धुतलेल्या मुलींना. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं.

मी चंद्रपूरच्या कोळसा खाणीच्या वसाहतीतली, इंग्रजी शाळेत शिकलेली. तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा वर्गात माझा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे जात नसे. मॅडमनी पहिल्याच पावसाळ्यात मला धुऱ्यावर नेलं. म्हणाल्या, “चल, इथे भिंती नाहीत, घाबरायचं कशाला?” मी एक कविता समजावू लागले. भाकर खाता खाता एक म्हातारी ऐकत होती. ती म्हणाली, “काऊन बाई, येवढी हळू बोलतेस? बांधीतले बेडकं तुह्यापेक्षा जोरानं वरडतेत!” सगळ्या हसल्या. मॅडम सर्वांत जास्त हसल्या. परतताना मात्र एवढंच म्हणाल्या, “हसल्या म्हणजे ऐकत होत्या.”

मागच्या वर्षी कॉलेजचं मूल्यांकन व्हायचं होतं. देशभरातल्या कॉलेजांना दर्जा देणारी राष्ट्रीय संस्था आपली समिती पाठवते, तीन दिवस सगळं बघते आणि श्रेणी ठरवते. त्याआधी इंग्रजीत मोठा अहवाल पाठवावा लागतो. समन्वयक गेडाम मॅडम, आणि इंग्रजी लिहायला मी. त्या मराठीत सांगायच्या, मी लिहायची. मी वाक्य सजवलं की त्या थांबवत. “आपल्याकडे जेवढं आहे तेवढंच लिही. ते लोक काही पाहुणे म्हणून जेवायला नाही येत.” बांधीतल्या वर्गाबद्दल त्यांनी एक परिच्छेद सांगितला होता. प्राचार्य सरांनी तो काढायला लावला. महिनाभर मुली येत नाहीत हे आपणच कशाला सांगायचं, असं त्यांचं म्हणणं. मॅडम वाद न घालता उठल्या. व्हरांड्यात मला म्हणाल्या, “कागदावरून काढला. धुऱ्यावरून थोडीच काढता येतो.”

गंमत म्हणजे समितीच्या तारखा आम्हीच मागून घेतल्या होत्या, जुलैतल्या. मॅडमना न विचारता ऑफिसात ठरलं, पावसात सगळं हिरवंगार दिसतं, बाहेरचे लोक खुश होतात. ऐन रोवणी आहे हे या गावात जन्मलेल्या एकाच्याही लक्षात आलं नाही. मग धावपळ. मुलं कमी, बाकं जास्त. म्हणून अर्धी बाकं उचलून खेळाच्या खोलीत रचली, वर सतरंजी टाकली. वर्ग भरलेला दिसू लागला.

समितीत दक्षिणेकडच्या एक वयस्क प्राध्यापिका होत्या. त्यांनी नेमकी खेळाची खोली उघडायला लावली. सतरंजी जराशी उचलून इतकी बाकं इथे कशी, असं त्यांनी विचारलं. “दुरुस्तीसाठी,” प्राचार्य म्हणाले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “बाकं धड आहेत. मुली रोवणीला गेल्या आहेत. आमचा दुपारचा वर्ग तिकडेच असतो.” आणि माझ्याकडे वळून, “सांग त्यांना इंग्रजीत.” मी सांगितलं. दुसऱ्याचं वाक्य होतं म्हणून जमलं असेल… पण आवाज फुटला.

त्या बाईंनी बांधी बघायचीच असं ठरवलं. जीप रस्त्यावर सोडून आम्ही धुऱ्यावरून निघालो. त्यांचा पाय घसरला तशी खालून एकजण ओरडली, “धरा, धरा मॅडमले, नाईतं परेसंगं रोवून टाकू!” मी याचं भाषांतर केलं नाही, तरी त्या हसल्या. अर्धा तास झाडाखाली बसून त्यांनी वर्ग ऐकला. श्रेणी आम्हाला मधलीच मिळाली, पण समितीच्या अहवालात या वर्गाचं कौतुक आलं. त्यानंतर प्राचार्यांनी त्याचा फोटो माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर छापला.

त्या फोटोत मॅडम गुडघ्यापर्यंत ओल्या आहेत. त्यांना सिकलसेल होता. लहानपणापासून. आमच्याकडे हा रक्ताचा आजार घराघरांत आहे, म्हणून कोणी त्याचं फार बोलत नाही. थंडी, ओल, दमणूक, कशानेही सांधे धरायचे. खुर्चीचा हात घट्ट पकडून त्या शिकवत राहायच्या, चेहऱ्यावर काही येऊ देत नसत. मला ते दिसायचं. मी पाण्याचा ग्लास जवळ सरकवायची. याहून जास्त आमच्यात त्यावर बोलणं झालं नाही. यंदा रोवणीच्या सुरुवातीलाच त्या एका दुपारी पावसात सापडल्या. रात्री ताप, छातीत कळ. चंद्रपूरला नेलं. तिथून नागपूरला हलवायचं ठरत होतं, तेवढ्यात संपलं…

त्यांच्या गावी गेले तेव्हा त्यांची आई ओट्यावर बसली होती. मला बघून म्हणाली, “बांधीच्या पान्यानंच नेली माह्या पोरीले. मी सांगत होतो, नोको जाऊ. आयकलं नाई.” मी तिच्याजवळ ओट्यावर टेकले. मग ती म्हणाली, “काल तिच्या वर्गातल्या पोरी येऊन गेल्या इथी. मॅडमच्या जागी कोन येते म्हनून इचारत होत्या. मी काय सांगू त्याहिले? तुमीच सांगा.” तिच्या बोलण्यात राग होता की आणखी काही, मला ओळखता आलं नाही. मी तिचा हात धरून बसले आणि तशीच उठून आले. बस रोवणीच्या बांध्यांमधून जात होती. ज्या ज्या धुऱ्यावर बाया जेवत बसल्या होत्या, तिथे माझी नजर पांढऱ्या छत्रीला शोधत होती.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात शोकसभा झाली. फोटोला हार, दोन मिनिटं शांतता. नंतर प्राचार्य सरांनी ठराव वाचला. त्यांचा आवाज मधेच कापला, ते खोटं नव्हतं. त्यांनाही मॅडम हव्या होत्या. ठरावात शेवटी होतं की कै. गेडाम यांचा बांधीतील वर्गाचा उपक्रम महाविद्यालय अखंडपणे चालवीत आहे. पुढच्या मूल्यांकनात तो दाखवायचा असणार. बाबूंनी मान डोलावली. सगळे उभे राहू लागले, खुर्च्या सरकल्या. मी कधी बोलायला लागले ते मला आठवत नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, मागच्या रांगेतलेही, म्हणजे आवाज तिथवर गेला असावा.

“सर, तो वर्ग सध्या बंद आहे,” मी म्हणाले. “मुली मॅडमच्या घरापर्यंत विचारायला जाऊन आल्या. आज दुपारपासून मी जाते आहे.”