मानसी हात वर करत नव्हती

सत्तर डेसिबललाही मानसीने हात वर केला नाही, तेव्हा मला वाटलं मशीन बिघडलंय. मी हेडफोन स्वतःच्या कानाला लावून पाहिले आणि दचकले. मशीन उत्तम चालत होतं.

ही २००२च्या आसपासची गोष्ट. वसईच्या एका कान-नाक-घसा क्लिनिकमध्ये मी ऑडिओलॉजिस्ट म्हणून नवीन लागले होते. ऑडिओलॉजिस्ट म्हणजे कोणाला किती ऐकू येतं ते मोजणारी. पेशंट साउंडप्रूफ खोलीत बसतो, मी काचेबाहेर. बीप ऐकू आला की त्याने हात वर करायचा. चांगला कान वीस डेसिबलचा बारीक आवाजही टिपतो. सत्तरला हात वर होत नसेल तर कान बराच गेला, असा अर्थ.

मानसी पहिलीत होती, राहायला विरारच्या फुलपाड्यात. ‘मुलगी प्रतिसाद देत नाही, कान तपासून आणा, नाहीतर पुढच्या वर्गात घेता येणार नाही,’ असं शाळेने कळवलं होतं. वडील ऑफिसला हाफ डे टाकून आले होते.

आमचे डॉक्टर सर घाईत होते. “सिव्हिअर लॉस दिसतोय. हिअरिंग एडची ट्रायल घे.”

“सर, एकदा परत करू?”

“कशाला?”

टेस्टआधी बाहेर आई कुजबुजली होती, “शू लागलीय का?” आणि मानसीने लगेच मान हलवली होती. शिवाय बीप वाजला की तिच्या पापण्या हलत होत्या. मी एवढंच म्हणाले, “सर, दहा मिनिटं.”

लहान मुलांसाठी दुसरी पद्धत असते, प्ले ऑडिओमेट्री. बीप आला की टोपलीत मणी टाकायचा. मी मानसीला मणी दिले आणि आवाज कमी करत गेले. चाळीस. मणी पडला. तीस. पडला. पंधरालाही पडला.

कान ठणठणीत होते. मी आईला घेऊन आत गेले आणि मानसीसमोर खाली बसले.

“मग हात का नाही गं वर केलास?”

तिने आईकडे पाहिलं. “वर केला की खाली नाही करायचा.”

“कोण म्हणतं?”

“टीचर. शू लागली की हात वर करायचा. टीचर बोलवेपर्यंत. खाली केला तर जायचंच नाही. माझा हात दुखतो. मग मी करतच नाही.”

“आणि शू?”

“धरून ठेवते. घरी येऊन करते.”

आई पुढे झाली. “म्हणून तू सकाळी पाणी पीत नाहीस?”

शिस्तीची शाळा मीही पाहिली होती, पण हे नाही. उत्तर येत असलं तरी ही मुलगी हात वर करत नव्हती, आणि त्यावरून आम्ही तिला कानाचं मशीन लावायला निघालो होतो.

रिपोर्टवर ‘नॉर्मल’ पाहून वडिलांनी सुस्कारा सोडला. “सुटलो! सोमवारी शाळेत देऊन टाकू.”

“रिपोर्ट द्या,” आई म्हणाली. “आणि दाखला घेऊन या. मी हिला घरी शिकवणार.”

“घरी? डोकं फिरलंय का तुझं? अ‍ॅडमिशनसाठी पहाटेपासून रांगेत उभा होतो मी!”

“तुम्ही उभे राहिलात ते दिसतं. ती रोज शू धरून बसते त्याचं काय?”

“बिल्डिंगमधले विचारतील. आणि दहावी कशी देणार?”

“बाहेरून बसवू. दहावीला वेळ आहे. किडनी खराब झाली तर कोण देणार, तुमच्या बिल्डिंगमधले?”

वडील माझ्याकडे वळले. “मॅडम, तुम्ही तरी सांगा हिला.”

शाळा सोडून शिकता येतं हेच मी पहिल्यांदा ऐकत होते. मी म्हणाले, “यूरिन टेस्ट करून घ्या आधी.” सरांनी तसं लिहून दिलं. टेस्टमध्ये इन्फेक्शन निघालं. औषधाने ते बरं झालं. शाळेत मात्र मानसी परत गेली नाही.

वर्षभराने सर्दीने कान दुखतो म्हणून आई तिला घेऊन आली. मी हेडफोन लावले. मानसीने मशीनला प्लग कुठे असतो ते विचारलं. बीप कोण वाजवतं ते विचारलं. मग मला पाढे येतात का ते विचारलं. ऐकण्याच्या टेस्टला पेशंट गप्प असावा लागतो. शेवटी टेस्ट झालीच नाही.

घरी शिकवणं बरोबर की चूक, ते मला आजही सांगता येत नाही. मूल उत्तर देत नसेल तर त्याचा कान तपासावा. मग वर्गही तपासावा.