सोजरबाईच्या भिंतीवरची सुमन

निलंग्याच्या स्टँडवर नांदेडची गाडी लागली होती, आणि अब्बा मला उलट्या दिशेनं आमच्या स्टुडिओकडं ओढून नेत होते. अम्मी पत्र्याची पेटी धरून फलाटावर उभी, कंडक्टर ओरडून राहिलेला, आणि ह्या माणसाला फोटो काढायचा होता! "क्लासच्या फॉर्मला लागतो," म्हणाले. लागतो, कबूल. पण फॉर्मला दोन वेण्या कशाला लागतात? स्टुलावर बसवलं, माझी एक वेणी सोडून दोन घालायला लावल्या, आणि म्हणाले, "सीधा देख. हँसो नको." गाडी कशीबशी मिळाली. अम्मीनं नंतर अब्बांना जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तेव्हा दहावीला जरा बरे मार्क पडले की पोरगं लातूरच्या क्लासला, हे ठरलेलंच होतं. मला नांदेडला धाडलं कारण खाला, अम्मीची बहीण, तिथं राहायची, जेवणाचा प्रश्न मिटत होता. डॉक्टर व्हायला गेले आणि बी. फार्म होऊन बाहेर पडले. मग लग्न, मग कॅनडा. आता ब्रॅम्प्टनमध्ये औषधांच्या काउंटरमागं उभी असते आणि पंजाबी म्हाताऱ्यांना गोळ्यांच्या वेळा समजावते. माझ्यासारखे जे निघाले आणि तुम्ही जे निलंग्यात राहिलात, त्या सगळ्यांना एक विचारायचंय. आपण गाव सोडतो म्हणजे अख्खेच्या अख्खे सोडतो का? मला वाटायचं, हाव, अख्खेच सोडतो.

मी बी. फार्मच्या दुसऱ्या वर्षाला असताना अम्मी गेली. तिचा एक धड फोटो आमच्याकडं नव्हता. फोटोग्राफरचं घर, आणि भिंती कोऱ्या! भिंतीला फोटो असला की घरात फरिश्ते येत नाहीत, असं तिचं म्हणणं, आणि अम्मीपुढं अब्बांचं काय चालणार? मतदान कार्डावर एक होता, त्यात अम्मी कमी आणि डाग जास्त. मी तिकडं दूर तिचा चेहरा आठवायला बसले की आधी ओढणी यायची, मग बांगड्या, आणि चेहऱ्याच्या जागी काहीच नाही. ह्याची मला भीती वाटायची, खरंच सांगते.

अब्बा फोनवर म्हणायचे, "अम्मी का फोटो है. कंप्यूटर में है. आ के देख." चोरून काढला होता म्हणे, स्वयंपाकघराच्या दारात. पाठवा म्हटलं तर पाठवायचे नाहीत. मला बोलावण्याचा तो बहाणा होता, ते मला कळत होतं. तरी मी आठ वर्षं गेले नाही. कधी मुलांची शाळा, कधी तिकीट, कधी नुसता आळस. गेल्या वर्षी अब्बा उभ्या उभ्या गेले आणि मी दोन दिवस उशिरा पोचले.

स्टुडिओ आता झेरॉक्सचं दुकान झालंय. माझा भाऊ अस्लम चालवतो. कोपऱ्यात अब्बांचा जुना कॉम्प्युटर, त्याला पासवर्ड. अस्लमनं सगळ्यांची नावं घालून बघितली, जन्मतारखा, स्कूटरचा नंबर, बकऱ्यांची नावंसुद्धा. उघडला नाही. ह्यावर्षी मी तो डबा ओढणीत बांधला आणि नांदेडला नेला, वैशालीकडं. वैशाली क्लासमध्ये माझ्या बाकावर बसायची. तीही डॉक्टर व्हायला आली होती, आता कॉम्प्युटर दुरुस्त करते. "पोट तर उघडायचंच होतं मला," असं तीच म्हणते आणि हसते. ती म्हणाली, "पासवर्ड गेला उडत. आतली डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावू." अर्ध्या तासात लावलीसुद्धा.

आत लोकांची लग्नं, बारशी, शाळांचे ग्रुप फोटो. आणि एक फोल्डर, 'सुमन' नावाचं.

पहिला फोटो सात वर्षांच्या मुलीचा, कागदावरून स्कॅन केलेला. परकर-पोलकं, कपाळाला टिकली. चेहरा माझा. मी आयुष्यात टिकली लावलेली नाही. पुढच्यात ती आठ वर्षांची, मग नऊ. मग दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि नजर सरळ. हा तो गाडी सुटायच्या आधी काढलेला फोटो. वैशाली माझ्याकडं बघायची आणि पडद्याकडं बघायची. "अगं, ही तू आहेस. पण तू नाहीस," ती म्हणाली. बी. फार्मच्या निरोप समारंभातला माझा फोटो होता, त्यात माझ्या अंगावर हिरवी साडी आणि गळ्यात मंगळसूत्र. माझं लग्न ठरायच्या चार वर्षं आधी ती लग्न करून बसली होती!

शेवटच्या फोटोत ती पस्तिशी ओलांडलेली होती. मला वाटलं, मी एवढी थकले कधी? मग बघितलं तर मागं आमच्या स्वयंपाकघराचं दार. ती मी नव्हते. ती अम्मी होती. तोंडभर हसणारी, जरा रागावलेली, आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

मी अस्लमला फोन लावला. "सुमन कोण?" तो म्हणाला, "सोजरबाईची पोरगी. भूकंपात गेली ती."

गणपती उठले त्याच रात्री, पहाटेकडं भूकंप झाला, तेव्हा मी सात वर्षांची होते. आमच्या घराची एक भिंत फाटली, तिकडं गावंच्या गावं बसली. नंतर महिनोन् महिने लोक अब्बांकडं यायचे. माणूस गेलेलं, आणि हार घालायला फोटो नाही. अब्बा विचारायचे, "किसके जैसा दिखता था?" मग भावाचा फोटो घेऊन त्याला ब्रशनं मिशी काढायचे, मावशीच्या फोटोतून आई करून द्यायचे. आमच्याकडचे सगळे फोटोग्राफर तेव्हा हेच करत होते. लोक फोटो बघून रडायचे आणि म्हणायचे, हाच, हाच. सोजरबाईचं घरात कुणीच उरलं नव्हतं, मग चेहरा कुणाचा घेणार? मी स्टुडिओत खेळत होते. ती म्हणाली म्हणे, "हिच्यावानीच होती बघा."

पुढच्या वर्षी गणपती उठल्यावर ती परत आली. अस्लम सांगत होता, ती म्हणाली, "आता तिसरीत गेली असती. वाढवून द्या की." अब्बांनी वाढवून दिली. मग दरवर्षी यायची, भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन. मी सुट्टीला आले की अब्बा मला निळ्या पडद्यापुढं बसवायचे, ते ह्याच्यासाठी. मी यायची बंद झाले आणि त्यांच्याकडं नवा चेहरा उरला नाही. मग त्यांनी अम्मीचा घेतला.

आणि घोळ असा केला की काय सांगू! जन्मभर हातानं रिटचिंग केलेला माणूस. प्रिंट एकच, ब्रश त्याच्यावरच चालवायचा. कॉम्प्युटरवरही त्यांनी तेच केलं. अम्मीच्या मूळ फोटोवरच कुंकू काढलं, मंगळसूत्र चढवलं, आणि तिथंच सेव्ह केलं. दुसरी प्रत नाही. वैशालीनं डिस्कचा कोपरा न् कोपरा शोधला. मी म्हटलं, कुंकू पुसून दे. ती म्हणाली, "खाली काही नाही गं. पुसलं तर कपाळ मला माझ्या मनानं काढावं लागंल." मला रडू फुटलं. आठ वर्षांत एकदा आले असते तर अम्मी अम्मीच राहिली असती. अस्लम फोनवर म्हणाला, पुसून टाक, लोक काय म्हणतील. मी नाही पुसलं. अब्बांनी एकदा केलं तेवढं बस झालं, त्याच्यावर आता कुणाचा हात नको.

परत जायच्या आधी मी सोजरबाईकडं गेले. पुनर्वसनातलं गाव, सारखी घरं, रुंद रस्ते आणि दुपारची चिडीचूप शांतता. जुनं गाव तिथून दीड कोसावर, बाभळीत गेलेलं. तिचं दार उघडंच होतं. समोरच्या भिंतीवर ओळीनं मी. सात वर्षांची, आठ, नऊ. शेवटी अम्मी. एकाही फोटोला हार नव्हता.

सोजरबाई सत्तरीच्या पुढची, डोळ्यांना कमी दिसतं. मी म्हटलं, निलंग्याच्या फोटोवाल्यांची मुलगी. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश. मला उठून पळावंसं वाटलं, पण मी हलले नाही.

"तुझा बाप लई चांगला मानूस व्हता, माय," ती म्हणाली. मग म्हणाली, "ह्या सालचा ऱ्हायला बघ. आता तिचे केस पिकाया लागले असतील न्हवं?"

मी म्हटलं, "हाव, कानापाशी थोडे."

"नवरा बरा हाय का?"

"बरा हाय."

"लेकरं?"

"दोन."

तिनं मान डोलावली. कुणाबद्दल विचारून राहिली होती, कोण जाणे. मी तरी सगळं माझंच सांगत होते, आणि सगळं बरोबर लागत होतं. तिच्या पोरीचं तिला आधीच ठाऊक असल्यासारखी ती ऐकत होती. तेव्हा मला कळलं की मी गाव सोडलं होतं, पण ह्या भिंतीवरची मी इथंच वाढत होते, इथंच नांदत होते, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

तिनं शेंगा दिल्या. मी उंबऱ्यात चपला घालत होते. अम्मी गेली, अब्बा गेले, अस्लमला त्याचे व्याप. मी निघताना विचारणारं आता कुणी उरलं नाही, असं मनात चाललं होतं, तेवढ्यात मागून आवाज आला.

"आता कवा येशील, बाई?"

मी वळून बघितलं. सोजरबाई भिंतीकडं तोंड करून विचारत होती.

"गणपती उठले की येते," मी म्हटलं.