तेरा इंचांचे दोन टायर

खलिफा सिटीहून निघालो तेव्हा डिकीत सुधाच्या कॅरव्हानची दोन्ही चाकं होती. कॅरव्हान म्हणजे गाडीला जोडून ओढायचं, दोन पलंग आणि एक शेगडी असलेलं घर. आमचं माझ्या मुलीपेक्षा वयानं मोठं. सुधानं ते हौसेनं घेतलं आणि तीच ओढून न्यायची. मी शेजारी बसून वाचत असायचो. फेब्रुवारीत ती गेली.

आता व्हिलाच्या मालकाला अंगण रिकामं हवं होतं. शुक्रवारपर्यंत कॅरव्हान स्वतःच्या चाकांवर बाहेर पडली नाही, तर भंगारवाला क्रेन घेऊन येणार होता. अल ऐनला एका जुन्या सहकाऱ्याच्या मजऱ्यावर (खजुराच्या शेतावर) तिला जागा मिळाली होती. आमच्या गॅरेजवाल्यानं टायर बदला म्हणून सांगितलं, पण इतक्या लहान मापाचे त्याच्याकडे नव्हते. मला तर ते कोरे दिसत होते. सुधानं निवडलेले टायर काढायची माझी तयारी नव्हती. शारजात कोणी जाणकार ‘चालतील’ म्हणेल, अशी आशा होती.

जुमेरा लेक टॉवर्सवरून पुढे गेलो. मुलगी तिथेच राहते. “बाबा, लेट इट गो ना,” असं ती आदल्या दिवशी म्हणाली होती, म्हणून थांबलो नाही.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात इस्माईलभाईंचं दुकान आहे. माणूस साठीचा, रत्नागिरीकडचा. मी शाळेत ग्रंथपाल होतो हे कळताच मला गुरुजी म्हणू लागले.

“गुरुजी, एवढी पुस्तकं वाचलीत, टायर नाय वाचला कधी?” त्यांनी रबरावरचे चार आकडे दाखवले. “पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. अकरा वर्सं झाली. खलास.”

“पण नक्षी तर अजून...”

“चालली कुठं जी झिजेल?” त्यांनी टायरवर अंगठा दाबला. बारीक चिरा उघडल्या. अंगठा नाकाशी नेऊन ते हसले. “खोबरेल! कोण येडा टायरला खोबरेल चोळतो? रबर खातं ते.”

“माझी पत्नी,” मी म्हणालो. “दर दसऱ्याला. हळदकुंकू, झेंडूचा हार, मग तेलाचा हात. आता ती नाही.”

टायर त्यांनी हळूच खाली ठेवला. “इन्ना लिल्लाही,” ते पुटपुटले, आणि मला आत घेऊन गेले. डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुरमईचं सालन (कालवण). नको म्हणायची सोय नव्हती. वर कारक (वेलचीचा दाट चहा) झाला.

मग त्यांनी दोन जोड्या पुढ्यात मांडल्या. एक मोटारीच्या टायरची, मऊ आणि देखणी. दुसरी लहान मालवाहू व्हॅनची, जाड, बेढब. माझा हात देखण्या जोडीकडे गेला.

“तो धावायला बरा,” इस्माईलभाई म्हणाले. “तुमची कॅरव्हान वर्षातले अकरा महिने उभी असते. घराचं ओझं घेऊन उभं राहायचं, तर हा जाडा बरा. बघा, तुमचं तुम्ही ठरवा.”

मी जाडे घेतले. जुने टायर रिमवरून सुटताना जो सुस्कारा निघाला, तो ऐकवेना. न राहवून विचारलं, “तेलानंच खराब झाले का हो?”

त्यांनी जुन्या टायरवरून हात फिरवला. “उन्हानं. इथलं ऊन काय शिल्लक ठेवतं? वहिनींनी जपले म्हणून दिसायला तरी नवे रायले.”

मघाशी ते काय बोलले होते, ते आम्हा दोघांनाही आठवत होतं. मी मान डोलावली. जुने टायर तिथेच सोडले.

गुरुवारी सकाळी चाकं चढवली आणि आयुष्यात पहिल्यांदा कॅरव्हान मी ओढली. उजव्या लेनमधून, ट्रकांच्या मागोमाग. वाटेत दोनदा थांबून टायरना हात लावून पाहिला. कोमट होते, तापले नव्हते. मजऱ्यावर मागे घेताना ती भलत्याच दिशेला वळली आणि एक झापांचं कुंपण आडवं झालं. रखवालदारानं मला खाली उतरवलं, जोड सोडवला आणि “यल्ला, साब,” म्हणत आम्ही दोघांनी तिला हातानं खजुरांच्या सावलीत ढकललं. घर इतकं हलकं असेल असं वाटलं नव्हतं. चाकांखाली फळ्या सरकवल्या, दार लावलं.

परतीला मी एकटाच होतो. जाताना आरशात फक्त तिची पांढरी भिंत दिसत होती. आता लांबवर मागचा रस्ता, वाळू आणि विजेचे खांब दिसत होते. गाडी सुसाट जाऊ शकली असती. माझा वेग मात्र जातानाचाच राहिला. खलिफा सिटीच्या चौकात, मागचं काही कठड्याला घासू नये म्हणून, मी वळण रुंद घेतलं.