शेजारच्या सीटचा पट्टा

“ताईले सांगून टाक ना, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटचाच पट्टा काहून नवा हाय,” मेकॅनिक विकणाऱ्याला हळूच म्हणाला. जुनी स्पोर्टी हॅचबॅक घेण्याआधी तपासायला मी त्याला रामदासपेठेत सोबत नेलं होतं. बॉनेट उघडण्याआधी त्याने सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून, कापड पारखावं तसे बोटांनी चाचपले होते.

“थोडीशी ठोकली होती मॅडम, बाकी एकदम मक्खन,” विकणारा हसला.

“थोड्याशानं पट्टा नाही बदलावा लागत, भाऊ. माणूस बसलेलं असताना जोरात आदळली, तरच बदलावा लागते.” एवढं बोलून मेकॅनिकने त्या रिकाम्या सीटवर तळहात ठेवला.

माझे प्रश्न मोबाइलमध्ये लिहिलेले होते: किती चालली, टायर कधीचे, सर्व्हिस कुठे. त्यातला एकही विचारावासा वाटेना. शेवटी मी म्हणाले, “इथे बसलेलं माणूस वाचलं का?”