आखूड खांब

पाण्यावरच्या त्या शहरात घर बांधायचं म्हणजे आधी चिखलात लाकडी खांब ठोकायचे. सगळे ज्याला दादा म्हणत, तो जन्मभर तेच करत आला. स्वतःच्या घराखाली त्याने लांब, निबर खांब घातले. उरलेले आखूड खांब धाकट्या बहिणीच्या घराखाली गेले. तिचं घर हळूहळू कलंडू लागलं. दादा वरचेवर तिच्या कपाटाखाली पाचर सारायला जायचा.

"किती करतोस रे माझ्यासाठी!" ती म्हणायची आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

भिंत तडकली तेव्हा त्याने मान खाली घालून सगळं सांगून टाकलं.

तिने तडकलेल्या भिंतीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "माझं सामान उचल. आता तुझ्याकडेच राहीन."

त्याने तिला उजेडाची खोली दिली. तिने तो विषय पुन्हा काढला नाही. त्याला मात्र तिच्या नजरेला नजर देणं कधीच जमलं नाही.